हवामानबदल आणि शाश्वतता शिकायची आहे : पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बारावीचा किंवा पदवीचा निकाल हाती आल्यावर ‘पर्यावरणासाठी काहीतरी करायचे आहे, कोणता अभ्यासक्रम घेऊ?’ असे विचारणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांची तळमळ खरी असते, पण प्रश्न फार मोघम असतो, आणि मोघम प्रश्न घेऊन प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी आपण चुकीच्या विभागात आलो असे वाटू लागते. म्हणून या लेखात महाविद्यालयांची यादी देण्याआधी विषयाची आतली रचना समजावून घेतली आहे. उदाहरणे मुख्यत्वे महाराष्ट्रातील आहेत, कारण हवामानशास्त्राच्या अभ्यासाची देशातील काही महत्त्वाची ठिकाणे पुण्यात आणि मुंबईतच आहेत.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागते. मराठीत आपण ‘हवामान’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. उद्या पाऊस पडेल का, हेही हवामान आणि सोलापूरकडचे हवामान कोरडे आहे, हेही हवामानच. शास्त्रात हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात काही तासांपासून काही दिवसांपर्यंतची वातावरणाची स्थिती येते. दुसऱ्यात त्या स्थितीची दीर्घ काळातील सरासरी आणि तिच्यातील चढउतार येतात. हा दीर्घ काळ साधारणपणे ३० वर्षांचा धरतात आणि जागतिक हवामान संघटनेने सध्या १९९१ ते २०२० ही वर्षे त्यासाठी ठरवली आहेत. यंदा डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, मग तापमानवाढ कुठे गेली, या प्रश्नाचे उत्तर ज्याला शांतपणे देता येते, त्याची या विषयातील पहिली पायरी पार पडली असे समजावे.

पहिली पायरी : आपला प्रश्न कोणता, हे ओळखावे

हवामानबदल हा एक विषय नाही. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समिती, म्हणजेच आयपीसीसी, १९८८ साली स्थापन झाली आणि तिचे काम तीन गटांत चालते. पहिला गट वातावरण, समुद्र आणि हिम यांच्या भौतिक विज्ञानाचा, दुसरा बदलाचे परिणाम आणि त्यांच्याशी जुळवून घेण्याच्या उपायांचा, तर तिसरा हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्याचा आहे. नवख्या विद्यार्थ्याने आपली आवड याच तीन कप्प्यांत ताडून पाहावी, असे माझे मत आहे, कारण विद्यापीठांतील विभागही थोड्याफार फरकाने याच रेषांवर विभागलेले आहेत.

मराठवाड्यातील पावसाचा तीन आठवड्यांचा मोठा खंड घेऊ. पहिल्या प्रकारचा अभ्यासक विचारेल की त्या तीन आठवड्यांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र का तयार झाले नाही, मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याकडे का सरकला आणि असे खंड पुढील काळात वाढतील का. दुसऱ्या प्रकारचा अभ्यासक विचारेल की त्याच खंडात एका गावातील सोयाबीन वाळले आणि शेजारच्या गावातील तग धरून राहिले, यात जमिनीची खोली, विहिरींची स्थिती, कर्ज आणि विमा यांचा वाटा किती. तिसऱ्या प्रकारचा अभ्यासक कृषिपंपांना लागणारी वीज कोळशाऐवजी सूर्यापासून मिळवली तर उत्सर्जन किती घटेल आणि त्याचा भूजलाच्या उपशावर काय परिणाम होईल, याचा हिशेब मांडेल. या तिघांना लागणारे गणित, वाचन आणि स्वभावही वेगळे असतात. यांपैकी कोणता प्रश्न रात्री झोपताना आपल्या डोक्यात राहतो, हे प्रामाणिकपणे पाहावे.

हे ठरवण्यासाठी एक वाचन उपयोगी पडते. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारतीय प्रदेशातील हवामानबदलाचे मूल्यमापन करणारा अहवाल प्रसिद्ध केला. तो विनामूल्य मिळतो. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले, तर १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, असे त्यात नोंदवले आहे. अहवालातील कोणतेही एक प्रकरण पूर्ण वाचावे. वाचताना ‘हे त्यांनी मोजले कसे?’ असा प्रश्न पडत असेल तर पहिला कप्पा आपला. ‘याचे आमच्या गावात काय होणार?’ असा पडत असेल तर दुसरा. आणि ‘मग करायचे काय?’ असा पडत असेल तर तिसरा.

दुसरी पायरी : पदवीला एक भक्कम विषय घ्यावा

शाश्वतता, हवामान, हरित असे शब्द नावात असलेले पदवी अभ्यासक्रम आता बरेच निघाले आहेत. त्यांतील काही चांगले असतील, तरीही बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला मी नेहमी आग्रहाने सांगतो की पदवीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, भूविज्ञान, भूगोल, अर्थशास्त्र, कृषी किंवा अभियांत्रिकी यांपैकी एक विषय नीट शिकावा आणि हवामानाकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळावे. मान्सूनच्या अभ्यासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या सुलोचना गाडगीळ पुण्याच्या. त्यांचे शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुणे विद्यापीठात झाले, त्या उपयोजित गणिताच्या वाटेने हार्वर्डला गेल्या आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मान्सूनवर काम केले. पुढे कोरडवाहू भुईमूग पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या पेरणीच्या निर्णयांपर्यंत त्यांचा अभ्यास पोहोचला. आधी गणित पक्के होते, म्हणून शेताच्या बांधावरचा प्रश्नही नेमका मांडता आला.

पहिल्या कप्प्यात जाऊ इच्छिणाऱ्याने अकरावी-बारावीत गणित सोडू नये. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्या विद्यार्थ्याला वातावरणशास्त्राच्या वर्गात कलनशास्त्र आणि विकलक समीकरणे नव्याने शिकावी लागतात. ते अशक्य नाही, पण एक वर्ष त्यातच जाते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने स्वतःला बाहेरचा समजण्याचे कारण नाही. पाणीवाटप, स्थलांतर, विमा, नगररचना आणि कायदा हे दुसऱ्या कप्प्यातील गाभ्याचे विषय आहेत, आणि संख्याशास्त्राची एक पत्रिका मनापासून केलेला अर्थशास्त्राचा किंवा भूगोलाचा पदवीधर तेथे मोलाचा ठरतो. कृषी शाखेची आवड असणाऱ्यांना राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांत कृषिहवामानाची ओळख होते.

पदवीला सर्वांनाच घ्यावा लागणारा पर्यावरणाचा अनिवार्य विषय बहुतेक जण उत्तीर्ण होण्यापुरता वाचतात. त्यातील प्रकल्प तरी आपल्या परिसरातील खऱ्या मोजमापावर करावा. पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत सांगण्याजोगे काही हाती असते.

तिसरी पायरी : पदव्युत्तर शिक्षणाची ठिकाणे आणि त्यांच्या परीक्षा

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि पर्यावरणशास्त्राचाही आहे. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जी १९६२ पासून मान्सूनवर संशोधन करते आणि जिच्यातील हवामानबदल संशोधन केंद्राने तयार केलेले पृथ्वीप्रणालीचे संगणकीय प्रारूप जागतिक तुलनांत सहभागी झालेले आहे. त्याच भागात भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर पुणे, असून तेथे पृथ्वी व हवामान विज्ञानाचा विभाग आहे; बारावीनंतर थेट प्रवेश हवा असेल तर आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शिवाजीनगरचे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे कार्यालय पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात, कारण विभागाचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून तेथे आले होते. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण देशभरच्या हवामान नोंदींचे मोठे काम पुण्यातच राहिले. पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सारी ठिकाणे बसच्या अंतरावर आहेत, हा लाभ फार मोठा आहे आणि तो घेणारे फार थोडे असतात.

मुंबईत आयआयटीमध्ये हवामान अध्ययनाचा आंतरविद्याशाखीय पीएचडी कार्यक्रम २०१२ पासून आहे. तेथेच १९८५ साली सुरू झालेले ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. ते ‘सितारा’ या नावाने ओळखले जाते आणि अभियंत्याला पाण्याच्या, ऊर्जेच्या, शेतीच्या प्रश्नांकडे गावातून पाहायला शिकवते. दुसऱ्या कप्प्यातील विद्यार्थ्यांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील पर्यावरण, हवामानबदल आणि पाणीधोरणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम महत्त्वाचे आहेत, आणि संस्थेच्या तुळजापूर आवारात ग्रामीण उपजीविकांचा अभ्यास दुष्काळी मुलखातच होतो. राज्याबाहेर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीच्या आयआयटीचे वातावरण विज्ञान केंद्र, कोचीन आणि आंध्र विद्यापीठांतील हवामानशास्त्राचे विभाग आणि हवामान विज्ञान व धोरण एकत्र शिकवणारी दिल्लीची टेरी संस्था ही नावे लक्षात ठेवावीत.

परीक्षांचे गणित असे आहे. आयआयटीतील एमएस्सीसाठी जॅम, एमटेकसाठी आणि अनेक ठिकाणी पीएचडीसाठी गेट, टाटा संस्थेसह अनेक केंद्रीय व अभिमत विद्यापीठांसाठी सीयूईटी. जॅममध्ये हवामानाची स्वतंत्र पत्रिका नाही, म्हणून भौतिकशास्त्र, गणित किंवा भूविज्ञान यांतूनच जावे लागते. गेटमध्ये पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची पत्रिका आहे, आणि अभियांत्रिकी विज्ञानाच्या पत्रिकेत वातावरण व महासागर विज्ञानाचा भाग निवडता येतो. संशोधनवृत्तीसाठी सीएसआयआर नेटमधील पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रहविज्ञान हा विषय किंवा यूजीसी नेटमधील पर्यावरणशास्त्र. जॅम आणि गेट साधारण फेब्रुवारीत होतात, पण अर्ज आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात. निकालानंतर चौकशीला लागणारे विद्यार्थी त्यामुळेच पूर्ण वर्ष गमावतात.

चौथी पायरी : माहितीपत्रक नव्हे, अभ्यासक्रम वाचावा

प्रवेशापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावरून सत्रवार अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. त्यात संख्याशास्त्र आहे का, प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे आठवडे किती, प्रबंधाला पूर्ण सत्र दिले आहे का, आणि शेवटच्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर प्रबंध केले, एवढ्या चार गोष्टी तपासल्या तरी पुरे. शक्य असेल तर तेथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला भेटून, प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत का, असे सरळ विचारावे.

पाचवी पायरी : आपल्या तालुक्याचा पाऊस स्वतः मोजून पाहावा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती प्रवेश मिळण्याची वाट न पाहता आजच सुरू करता येते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने देशभरातील पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून तयार केलेली रोजच्या पावसाची माहिती संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहे. देशाचा नकाशा पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकटींत विभागला आहे. महाराष्ट्रात अशी एक चौकट साधारण २६ ते २८ किलोमीटर बाजूची भरते. नोंदी १९०१ पासूनच्या आहेत. पायथन ही संगणकीय भाषा येत असेल तर या फाइली वाचण्याचे तयार संच मिळतात. येत नसेल तर हेच निमित्त धरून शिकावे.

आपल्या तालुक्याची चौकट निवडून प्रत्येक वर्षासाठी चार आकडे काढावेत : जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस, पावसाच्या दिवसांची संख्या, सर्वांत लांब खंड आणि जोरदार पावसाचे दिवस. विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस, आणि ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस धरतात. मग १९६१ ते १९९० आणि १९९१ ते २०२० या दोन कालखंडांची तुलना करावी. ६०० मिलिमीटर पाऊस ४० दिवसांत पडला आणि तेवढाच २० दिवसांत पडला, तर सरासरीच्या तक्त्यात दोन्ही वर्षे सारखी दिसतात. शेतात मात्र पहिल्या वर्षी पीक येते आणि दुसऱ्या वर्षी माती वाहून जाते. केवळ बेरजेवर थांबणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

येथे दोन ठेचा लागतात. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा रत्नागिरीजवळची किनाऱ्यावरची एक चौकट घेतली आणि रोजचा पाऊस उणे ९९९ आला. चौकटीचा मध्य समुद्रात होता आणि नोंद उपलब्ध नाही हे दाखवण्यासाठी फाइलमध्ये तो आकडा ठेवलेला असतो. ही चूक डोळ्यांत भरण्याजोगी होती, म्हणून तत्काळ सापडली. खरा धोका पुढे होता. एका पर्जन्यमापकाच्या हस्तलिखित नोंदी संगणकावर चढवताना मी रिकाम्या रकान्यांत शून्य भरले आणि त्या गावात पाऊस कमी होत चालला आहे असा सुबक आलेख तयार झाला. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या आलेखात घटत होती ती नोंद ठेवणाऱ्याची नियमितता. तेव्हापासून कोणतीही सरासरी काढण्याआधी मी रिकाम्या नोंदी मोजतो.

दुसरी ठेच तारखेची आहे. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात, आणि आधीच्या २४ तासांतील पाऊस वाचनाच्या तारखेला लिहितात. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस सर्वांच्या स्मरणात आहे, पण नोंदींत तो २७ जुलैच्या रकान्यात शोधावा लागतो, कारण ते २४ तास २७ तारखेच्या सकाळी पुरे झाले. पुराच्या बातम्या आणि पावसाचे आकडे जुळवताना एका दिवसाचा हा फरक विसरला, तर आधी पूर आणि मग पाऊस असे विचित्र चित्र निघते.

एका चौकटीत कल दिसला म्हणून तो हवामानबदलाचा पुरावा ठरत नाही, हेही लिहून ठेवावे. त्या भागातील पर्जन्यमापकांची संख्या वर्षानुवर्षे बदलत गेलेली असते आणि मान्सून स्वभावतःच चंचल आहे.

सहावी पायरी : आकडे घेऊन गावात जावे

आलेख तयार झाला की तो घेऊन आपल्याच गावातील दोन-चार जाणत्या शेतकऱ्यांकडे जावे. ‘हवामान बदलले का?’ असे विचारू नये. ‘हो, बदलले’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी ‘मागच्या दहा वर्षांत दुबार पेरणी कोणकोणत्या साली करावी लागली?’ असे विचारावे. लग्ने, निवडणुका, विहिरी खोदल्याची वर्षे यांच्या खुणा धरून शेतकरी ही साले बरोबर सांगतात. त्यांचे पावसाचे पंचांग नक्षत्रांचे असते, म्हणून अभ्यासकाला नक्षत्रांच्या तारखा ठाऊक हव्यात : मृग साधारण ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला आणि हस्त, म्हणजे शेतकऱ्यांचा ‘हत्ती’, सप्टेंबरच्या अखेरीस. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे असल्याने रोजच्या नोंदी नक्षत्रवार लावता येतात. ‘मृग कोरडा गेला आणि हत्तीने सोयाबीन भिजवले’ या एका वाक्यात पेरणीचा उशीर आणि काढणीचे नुकसान दोन्ही आलेले असते, आणि ते आपल्या तक्त्यात पडताळून पाहता येते.

गावाच्या पाण्याचा हिशेब कसा मांडतात, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पाहता येते. पाऊस किती झाला यावरून कोणती पिके घ्यायची हे गाव दरवर्षी ठरवते. याच विचाराचे मोठे रूप राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दिसते, ज्यासाठी गावपातळीवरील जलताळेबंदाची पद्धत मुंबईच्या आयआयटीने विकसित केली. पाऊस, वाहून गेलेले पाणी, मुरलेले पाणी आणि पिकांनी घेतलेले पाणी ही चार कलमे एकदा हाताने मांडून पाहिली की पाणीधोरणावरील लेख समजू लागतात.

सातवी पायरी : शाश्वततेच्या बाजूला हिशेबनीस व्हावे लागते

तिसऱ्या कप्प्यातील नोकऱ्या सध्या मुख्यतः मोजणीच्या आणि अहवालाच्या आहेत. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. त्यामुळे उत्सर्जनाची तीन वर्तुळे नीट यायला हवीत : स्वतः जाळलेल्या इंधनाचे, विकत घेतलेल्या विजेचे आणि पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतचे.

सराव वसतिगृहातच करावा. महिन्याचे वीजबिल १०,००० युनिटचे असेल, तर भारतीय ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरून ते सुमारे ७ टन होते. हा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करते. ज्या वर्षाचे बिल त्याच वर्षाचा गुणक घ्यावा. त्यानंतर खानावळीचा गॅस आणि जनरेटरचे डिझेल मोजावे. छतावरील सौर पॅनेलची वीज कोठे धरायची, या प्रश्नावर मित्रांशी वाद होईल आणि त्या वादातच विषय कळेल. ज्यांना कारखान्यांत काम करायचे आहे त्यांनी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षेची पात्रता पाहून ठेवावी. शहरांकडे ओढा असणाऱ्यांनी मुंबई महापालिकेचा मार्च २०२२ मधील हवामान कृती आराखडा वाचावा; त्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे.

आठवी पायरी : मार्गदर्शक, शिष्यवृत्ती आणि परदेश

प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचावेत. त्यांना पत्र लिहिताना ‘मला हवामानबदलात रस आहे’ एवढेच न लिहिता पाचव्या पायरीतील आपला एक आलेख आणि त्यावर पडलेला एक प्रश्न जोडावा. तीन ओळींच्या अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता दोन पानी आत्मपरिचयापेक्षा जास्त असते. उन्हाळी संशोधनासाठी देशातील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त छात्रवृत्ती आहे. तिचे अर्ज कधी निघतात, यावर आधीपासूनच लक्ष ठेवावे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी जर्मनीची डाड, युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस आणि ब्रिटनच्या कॉमनवेल्थ व चेव्हनिंग या शिष्यवृत्त्या प्रसिद्ध आहेत. चेव्हनिंगला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून ती पदवीनंतर लगेच मिळत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अर्जाला लागणारी जात व उत्पन्नाची प्रमाणपत्रे मिळायला वेळ लागतो, त्यामुळे ती परदेशी विद्यापीठाचे पत्र येण्याआधीच काढून ठेवावीत. आणखी एक अडचण तीन वर्षांच्या पदवीची आहे. परदेशातील बरीच विद्यापीठे एकूण सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष करण्याचा पर्याय आपल्या महाविद्यालयात आहे का, हे दुसऱ्या वर्षातच विचारून घ्यावे, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर दाखला काढण्याची घाई होणार नाही.